गोल्फचे मैदान, मशिदीची वाट आणि उतारवयाचे घर

निवृत्तीनंतर कुठे राहायचे, हा प्रश्न आपल्या आजोबांच्या पिढीला पडलाच नाही. कोकणातला माणूस मुंबईच्या गोदीत राबो की दूरदेशीच्या जहाजावर, उतारवयात त्याची पावले गावाकडेच वळत. गावी घर असे, घरात माणसे असत, मोहल्ल्यात मशीद असे आणि जवळच कबरस्तान. आयुष्याचा शेवटचा टप्पा कसा पार पडेल याची काळजी करायची वेळ कुणावर येत नसे.

आज गावातली घरे उभी आहेत. अनेक घरांना आखाती पैशातून नवा रंग, नव्या फरशा मिळाल्या आहेत. पण मुले परदेशात, मुली सासरी, नातवंडे शहरातल्या शाळांत. ईदला आठ दिवस घर गजबजते आणि मग दाराला पुन्हा कुलूप लागते. आखातातून कायमची परतणारी पिढी आता साठी ओलांडत आहे आणि तिच्यापुढे हा प्रश्न नव्याने उभा आहे.

आमचे मामू आणि मुमानी गेल्या वर्षी परतले. मामू तेल कंपनीत फोरमन होते. म्हसळा तालुक्यात घर आहे, चार आंब्याची झाडे आहेत. पण मुमानींना मधुमेह, मामूंच्या हृदयात एक स्टेंट, आणि रात्री-अपरात्री काही झाले तर मोठे इस्पितळ गाठायला कित्येक तास. मुलगा दोहाला, मुलगी नाशिकला. तेव्हा नवी मुंबईत, आमच्या कळंबोलीच्या आसपास, त्यांच्यासाठी घर पाहण्याची जबाबदारी आमच्याकडे आली. मुमानींनी काही मागितले नाही. मामूंनी मात्र एक अट घातली: "सकाळी गोल्फ खेळायला जाता आले पाहिजे."

घरात हशा पिकला. गोल्फ म्हणजे श्रीमंतांचा, साहेबांचा खेळ, हीच आपली समजूत. आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीतही ही गोष्ट सांगितली तेव्हा दोन दिवस चेष्टा झाली.

वाळूतला गोल्फ

पण मामूंचा गोल्फ साहेबी नव्हताच. आखातातल्या तेल कंपन्यांच्या वसाहतींत गोल्फची मैदाने होती आणि ती निखळ वाळूची. हिरवळ म्हणून काही नाही. खेळाडू कृत्रिम गवताचा एक तुकडा बरोबर घेऊन फिरत. चेंडू जिथे पडेल तिथे तो तुकडा अंथरायचा, त्यावर चेंडू ठेवायचा आणि मारायचा. शेवटी चेंडू भोकात घालायची जागा जगभर 'ग्रीन' म्हणून ओळखली जाते, पण तिथे ती तेल मिसळून दाबलेल्या वाळूची असे आणि तिला 'ब्राऊन' म्हणत. आपल्या पावलांच्या खुणा पुसून जागा पुन्हा सारखी करून ठेवायची, हा तिथला रिवाज. आखातात पूर्ण हिरवळीचे पहिले मैदान दुबईत १९८८ साली सुरू झाले. मामूंनी ते दुरूनच पाहिले. त्यांचा खेळ वाळूतच झाला.

या खेळात एक गोष्ट बुजुर्गांसाठी खास आहे. त्यात 'हँडिकॅप' नावाची सवलतीची पद्धत असते. कमी कुवतीच्या खेळाडूला ठराविक फटक्यांची सूट मिळते, त्यामुळे सत्तरीचे आजोबा आणि तिशीचा तरुण बरोबरीने खेळू शकतात. कुणाच्या अंगावर धावून जायचे नाही, धापा टाकायच्या नाहीत. चालायचे, थांबायचे, नेम धरायचा. १८ होलचा पूर्ण डाव पायी खेळला तर आठ-दहा किलोमीटर चालणे होते आणि चार तास जातात. डॉक्टरांनी मामूंना रोज चालायला सांगितले होते. मामूंचे म्हणणे, "नुसते चालायला गेलो तर आठव्या दिवशी कंटाळेन. चेंडूमागे चालायला सांगा, मरेपर्यंत चालेन."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. मग शोध सुरू झाला.

खारघरच्या डोंगरापाशी

मुंबईत गोल्फचे जुने क्लब आहेत. चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासूनचे. पण तिथे सभासदत्व लागते आणि ते आपल्यासारख्यांच्या आवाक्यातले नाही. नवी मुंबईत मात्र गोष्ट वेगळी आहे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर वसवले आणि खारघरला डोंगराच्या कुशीत एक गोल्फ मैदान तयार केले. २०१२ साली ते सुरू झाले. तेव्हा ते ११ होलचे होते आणि पुढे ते १८ होलपर्यंत वाढवण्याचे काम सिडकोने हाती घेतले. पैसे भरून सामान्य माणसालाही इथे खेळता यावे, हा त्यामागचा विचार.

एका रविवारी फजरनंतर आम्ही मामू-मुमानींना घेऊन निघालो. कळंबोलीहून महामार्ग ओलांडून उत्सव चौक, तिथून सेंट्रल पार्कच्या बाजूने डोंगराकडे. समोर पांडवकड्याची काळी भिंत, तिच्यावर धुके. ज्यांनी खारघरचा पावसाळा पाहिला आहे त्यांना हा डोंगर कसा दिसतो ते सांगायला नको. पांढऱ्या धारा, हिरवेगार उतार, आणि धबधब्याकडे जाऊ नका म्हणून सांगणारे पोलीस. दरवर्षी तिथे होणाऱ्या अपघातांमुळे पावसाळ्यात ती बंदी घालावी लागते.

मैदान त्या डोंगराच्या पायथ्याशी पसरले आहे. सपाट नाही, चढ-उताराचे आहे. गवतावर दव होते. दूरवर तीन-चार जणांचा एक गट थांबत-थांबत पुढे सरकत होता आणि काठी लागल्याचा 'टक्' असा आवाज क्षणभर उशिरा आमच्यापर्यंत पोहोचत होता. मामू कुंपणाशी उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "इतकी वर्षे वाळूत खेळलो. गवतावर चेंडू असा थांबतो हे माहीतच नव्हते."

तिथे भेटलेल्या एका निवृत्त गृहस्थांशी बोलणे झाले. वय ७४. ते म्हणाले, "मी घर मैदानाशेजारी घेतलं. पहिली पाच वर्षं रोज खेळलो. मग गुडघे गेले. आता महिन्यातून दोनदा येतो, पाच-सहा होल खेळतो आणि बाकी वेळ बाकावर बसतो. तरी येतो, कारण माणसं इथंच आहेत."

या शोधात ऐकलेले सर्वांत उपयोगाचे वाक्य ते हेच. मैदानाशेजारी घर घेणारा माणूस आपल्या खेळत्या वर्षांचा विचार करतो. पण त्या घरात त्याला न खेळत्या वर्षांतही राहायचे असते, आणि ती वर्षे कदाचित जास्त असतील.

माहितीपत्रकातली हिरवळ

दुसरी गोष्ट नेरूळची. पाम बीच रस्त्याच्या खाडीकडच्या बाजूला, एनआरआय संकुलाजवळ, पाणथळ जागा आहेत. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत तिथे फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी उतरतात. गुलाबी थवे पाहायला आम्ही शाळेच्या मुलांनाही नेले आहे. त्याच परिसरात गोल्फ मैदान आणि त्यालगत इमारती बांधण्याचा बेत होता. रहिवासी आणि पर्यावरणप्रेमी न्यायालयात गेले आणि २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो बेत रद्द ठरवला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

पक्ष्यांचा हक्क मोठा की खेळाचा, याचे उत्तर आमच्या मनात स्पष्ट आहे. पण घर घेणाऱ्यासाठी त्यात आणखी एक धडा आहे. माहितीपत्रकावर छापलेले मैदान आणि प्रत्यक्षातले मैदान यांत अनेक वर्षांचे अंतर असू शकते. साठीच्या माणसाकडे तेवढी वर्षे वाट पाहायला नसतात. त्यामुळे 'होणार आहे' असे जे जे सांगितले जाईल, ते हिशेबात धरू नये. मैदान असो, लिफ्ट असो की इस्पितळ, आज डोळ्यांनी दिसते तेवढेच मोजावे.

बुजुर्गांची वसाहत

गोल्फ खेळणाऱ्या निवृत्तांची खास वसाहत ही कल्पना अमेरिकेतली. १ जानेवारी १९६० रोजी अॅरिझोनाच्या वाळवंटात 'सन सिटी' नावाची वसाहत खुली झाली. वयाची अट, घरांलगत गोल्फचे मैदान, खरेदीची व करमणुकीची सोय. पहिल्या शनिवार-रविवारीच जवळजवळ एक लाख माणसे ती पाहायला लोटली होती. पुढे फ्लोरिडात 'द व्हिलेजेस' नावाचे अख्खे गावच तसे वसले. तिथे लोक बाजारहाटालाही गोल्फच्या छोट्या गाडीतून जातात. तिथे लहान मूल येते ते पाहुणे म्हणून.

आपल्याकडे अशी गोल्फची वसाहत आम्हाला सापडली नाही, पण ज्येष्ठांच्या वसाहती आहेत. पुण्यात 'अथश्री' आहे. आमच्यापासून जवळ म्हणजे नेरळला, माथेरानच्या पायथ्याशी, डिग्निटी फाउंडेशनची वसाहत आहे. ही संस्था १९९५ पासून ज्येष्ठांसाठी काम करते. स्मृतिभ्रंश झालेल्यांची देखभाल हे तिथले महत्त्वाचे काम.

घरात 'वसाहत' हा शब्द उच्चारताच वातावरण गंभीर झाले. नाशिकहून मुलीचा फोन आला, "लोक म्हणतील, आई-वडिलांना वृद्धाश्रमात टाकलं." हा सल आम्हालाही होता. आई-वडिलांची खिदमत आपल्यात फर्ज मानली जाते आणि ते योग्यच आहे. पण मामूंनी तिला समजावले, "बेटा, टाकणं वेगळं आणि आपणहून राहायला जाणं वेगळं. दोहात दोन खोल्यांत सुनेच्या पायात पायात येणं, याला खिदमत म्हणत नाहीत." खिदमत म्हणजे एका छपराखाली राहणे एवढेच असते का? बुजुर्गांची इज्जत, त्यांची सोय आणि त्यांची मर्जी राखणे, हाही त्याचाच भाग आहे. एकाच घरात राहून दिवसभर न बोलणारी मुले आपण पाहतोच.

वसाहतींविषयी मुमानींनी विचारलेले प्रश्न मात्र आमच्या कुणाच्याही ध्यानात आले नव्हते. जेवणाच्या वेळा ठरलेल्या असतात, तर रमजानमध्ये सहेरीचे काय? गोश्त शिजवता येईल का, हलाल मिळेल का? जुम्याला मामू जातील कुठे? आणि शेवटी अगदी हळू आवाजात, "बरंवाईट झालं तर गुसल कोण देईल? कबरस्तान किती लांब?" खोली गप्प झाली. पण हे प्रश्न अशुभ नाहीत. ज्या घरात माणूस शेवटपर्यंत राहणार, त्या घराविषयी हे विचारायलाच हवेत. कोणत्याही वसाहतीच्या कचेरीत ते निःसंकोच विचारावेत आणि उत्तर लेखी घ्यावे.

तेव्हाच लक्षात आले की इतके दिवस आम्ही मामूंसाठी घर शोधत होतो. मुमानी गोल्फ खेळत नाहीत. मामू मैदानावर असतील ते तीन-चार तास त्या काय करतील, हे कुणी विचारलेच नव्हते. आखातात त्यांनी उंच इमारतीच्या खिडकीतून बाहेर पाहत आयुष्य काढले. आता त्यांना काय हवे, असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "खाली उतरलं की सलाम करणारं कुणी असावं."

दार उघडते, दार बंद होते

मग आम्ही खारघरमध्ये घरे पाहिली. एका इमारतीत फोनवर सगळे ठरले, भाडेही आणि अनामतही. शेवटी नाव सांगितले. "मालकांना विचारून कळवतो," असे उत्तर आले. तो निरोप अजून यायचा आहे. हा अनुभव वाचकांना नवा नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. एवढेच सांगतो की दुसऱ्याच आठवड्यात एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने स्वतः चहा करून पाजला आणि म्हणाले, "गोल्फ खेळणारा भाडेकरू मला पहिल्यांदाच भेटतोय, आधी ते सांगा." दोन्ही प्रकारची माणसे याच शहरात राहतात. पण मुमानींनी त्या घरातूनही मान हलवली. घर सुरेख होते, मालक सज्जन होते, पण आसपास त्यांच्या ओळखीचा एकही आवाज नव्हता.

त्यांची नजर तळोज्याकडे होती. तळोजे पाचनंद हे जुने गाव, तिथे आपली वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची. त्याच्या आसपास सिडकोची नवी वसाहत वाढली आहे. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी बेलापूर ते पेंधर अशी मेट्रो सुरू झाली, एकूण ११ स्थानके. पेठाली-तळोजे स्थानकातून बसले की तिसरे स्थानक सेंट्रल पार्क. तिथून रिक्षाने गोल्फ मैदान. मैदानाशेजारी राहण्याची गरजच उरली नाही.

इस्पितळांचे पाहिले तर खारघरमध्ये टाटा स्मारकाचे कर्करोग संशोधन व उपचार केंद्र आहे, कामोठ्याला आणि बेलापूरला मोठी इस्पितळे आहेत. मुलाला यायला नवी मुंबईचा विमानतळ जवळ. वाईट बाजूही पाहिली. तळोज्याची औद्योगिक वसाहत जवळ आहे, तिच्या धुराच्या आणि वासाच्या तक्रारी जुन्या आहेत, आणि मामूंच्या छातीला ते कितपत मानवेल हा प्रश्न होता.

म्हणून आम्ही घर विकत घेतलेच नाही. ११ महिन्यांच्या करारावर भाड्याने घेतले, आणि मुद्दाम असे की त्यात एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण रमजान यावा. पावसाळ्यात घर गळते का, रस्ता तुंबतो का, वीज किती वेळा जाते हे कळते. रमजानमध्ये शेजार कळतो.

वाचकांसाठी मश्वरा

ज्यांच्या घरी असा निर्णय व्हायचा आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी.

छंद जवळ असावा, पण दाराशीच असला पाहिजे असे नाही. छंदापर्यंत जाण्याची वाट सोपी असावी. गाडी चालवणे थांबल्यावरही जाता येईल का, हे पाहावे.

नवरा-बायको दोघांना वेगवेगळे बसवून विचारावे. बहुतेक घरांत एकाची आवड ठरते आणि दुसऱ्याचे आयुष्य त्याच्यामागून जाते.

इमारत बुजुर्गांच्या नजरेने पाहावी. मे २०२४ मध्ये महारेराने ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक नियम काढले. चाकाची खुर्ची जाईल असा उतार आणि लिफ्ट, निदान ९०० मिलिमीटर रुंदीचे दार, हाताला धरायला कठडे, अशा गोष्टी त्यांत आहेत. साधी इमारत घेतानाही मोजपट्टी घेऊन जावे. न्हाणीघराचे दार मोजावे. वुजूसाठी बसायला जागा आणि धरायला दांडी आहे का, ते पाहावे.

वसाहतीत जायचे असेल तर पैशाचा व्यवहार नीट समजून घ्यावा. काही ठिकाणी घर विकत घ्यावे लागते, काही ठिकाणी मोठी अनामत ठेवून राहता येते, काही ठिकाणी महिन्याचे पैसे असतात. अनामत परत किती, केव्हा आणि कुणाला मिळणार? दोघांपैकी एक गेल्यावर दुसऱ्याचा हक्क काय? हे कागदावर नसेल तर सही करू नये.

राहते घर मुलांच्या नावे करण्याची घाई करू नये. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ चा आहे आणि ६० वर्षांवरील प्रत्येकाला त्याचा आधार आहे. पण न्यायाधिकरणात जायची वेळच येऊ नये, हे बरे. आधी वकिलाशी आणि आलिमांशी बोलावे.

आणि शेवटचे, गावचे घर लगेच विकू नये. माणसाचे मन परतीची वाट उघडी असली की नव्या ठिकाणी लवकर रमते.

आता मामू आठवड्यातून तीन दिवस सकाळच्या मेट्रोने जातात. खेळाच्या नियमात १४ काठ्या नेण्याची मुभा आहे, ते सातच नेतात, कारण पिशवी खांद्यावर पेलली पाहिजे. स्थानकावरच्या सुरक्षारक्षकाने पहिल्या दिवशी ती उघडून पाहिली होती, आता तोच स्कोअर विचारतो. पूर्ण डाव त्यांना झेपत नाही. मुमानींच्या घरी दुपारी मोहल्ल्यातल्या चार मुली कुराण वाचायला येतात. वास काही रात्री येतो, त्याची नोंद आम्ही कॅलेंडरवर ठेवतो. करार संपेल तेव्हा त्या खुणा मोजून दोघे ठरवतील, इन्शाअल्लाह, राहायचे की पुढे शोधायचे. ठरवतील ते दोघे, हे महत्त्वाचे.